विचारून दिलं

मी एकतीस वर्षं नर्स होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, गावाकडची म्हातारी मुलीकडे परदेशात आली आणि कुणाला तरी भलत्याच गोळ्या देऊन बसली. तशातली मी नव्हे. खटाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी सिस्टर होते. पाच गावं माझ्याकडे होती. डोस, बाळंतपणं, ताप, जुलाब, कुत्रं चावलं, बैलानं ढुशी दिली, सगळं आधी माझ्या दारात यायचं. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा, तेही जीप चालू असली तर. त्यामुळे गोळी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको, असं मला या फेब्रुवारीपर्यंत वाटत होतं.

मुक्ता माझी एकुलती एक. माझंच बघून नर्स झाली. पुण्यात शिकली, मग डब्लिनला एका हॉस्पिटलात लागली, लग्न झालं, रेवा झाली आणि आता चार वर्षं डब्लिनच्याच ओंगार भागाजवळच्या एका क्लिनिकमध्ये आहे. जावई कुशलराव कॉम्प्युटरवाले. सकाळी सातला ट्रेन धरतात, पुढे लुआस म्हणून ट्राम असते ती, आणि सँडीफोर्डच्या ऑफिसातून घरी यायला पुन्हा सात. मुक्ताच्या डॉक्टरेटचं शेवटचं वर्ष. रेवाला शाळेतून आणायला कुणी नव्हतं, म्हणून जानेवारीत मी आले, तीन महिन्यांसाठी.

ती शिकत काय होती, हे मला बरेच दिवस कळेना. मी म्हणायचे, "नर्स तर तू आहेसच. मास्टर्सही केलंस. आता आणखी काय राहिलंय?" तिनं मला एकदा भाजी निवडता निवडता नीट सांगितलं. क्लिनिकमधली साधी नर्स ड्रेसिंग करते, रक्त काढते, लस देते. हिला व्हायचं होतं अख्ख्या कुटुंबाची नर्स. तान्ह्या बाळापासून आजोबापर्यंत जो येईल त्याला स्वतः तपासायचं, काय झालंय ते स्वतः ठरवायचं, औषध स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. त्यासाठी तीन दिवस क्लिनिक, बाकीचे दिवस युनिव्हर्सिटी, लहान मुलांच्या दम्यावर हा एवढा मोठा प्रबंध, आणि क्लिनिकमध्ये डॉक्टर मरेड म्हणून बाई आहेत त्यांच्या नजरेखाली शेकडो तास. प्रत्येक पेशंटचं लिहून ठेवायचं. काय विचारलं, काय दिसलं, काय ठरवलं, का ठरवलं. शेवटी डॉक्टर मरेडनी एका फॉर्मवर सही करायची, की ही बाई एकटीनं पेशंट बघायला सुरक्षित आहे. त्या एका सहीवर सगळं अडलेलं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत ती सही युनिव्हर्सिटीत पोचायला हवी होती.

मला हसूही यायचं आणि रागही. "अगं, हेच तर मी आयुष्यभर केलं. बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. मला कुठे कुणी डॉक्टरेट दिली?"

"तुला कुणी काही विचारलं नाही, आई. मला रोज विचारतात," मुक्ता म्हणाली.

पण खरं सांगते, अभिमान माझ्या पोटात मावायचा नाही. ओंगारला सकाळी दहाच्या सुमारास आम्ही आठ-दहा जण फिरायला जमायचो. सगळे मुलांकडे आलेले आईबाप. पुण्याचे, नागपूरचे, एक ठाण्याचे. प्रत्येकाचं तेच. मुलगा अमुक कंपनीत, सून तमुक कंपनीत, कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटर. मी म्हणायचे, माझी मुलगी डॉक्टर होतेय. मग लोक गुडघे, साखर, जुने रिपोर्ट असं सगळं घेऊन माझ्या मागे लागले. मी म्हणायचे, विचारते हो मुक्ताला.

मुक्ता बधेना. "क्लिनिकच्या बाहेर मी कुणालाही काही सांगू शकत नाही, आई. एकदा सुरू केलं की संपलं." एकदा आमच्या ओळीतल्या वसुधाताई नवऱ्याच्या रिपोर्टची फाईल घेऊन थेट दारात आल्या. मुक्तानं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, रेवाच्या शाळेबद्दल बोलली आणि फाईल न उघडता क्लिनिकचा नंबर लिहून दिला. वसुधाताई हसत हसत गेल्या, पण मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्या गेल्यावर मी तिला सोडलं नाही. म्हटलं, "शेजारच्या माणसाची साधी फाईल उघडून बघायची नाही, हे कसलं शिक्षण गं? माझ्या दारात आलेला माणूस मी कधी परत पाठवला नाही."

"माहितीये, आई," एवढंच म्हणाली आणि भांडी लावायला लागली. ही पोर भांडत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. भांडली असती तर माझंही मन मोकळं झालं असतं.

मग मुरलीधरभाऊंचं झालं. मुरलीधरभाऊ म्हणजे वसुधाताईंचे यजमान. वय एकाहत्तर, नागपूरला शाळेत हेडमास्तर होते. मुलगा सलील इथे ओंगारलाच, त्याच्याकडे आलेले. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी मैदानाला वळसा घालून आले तर हे बाकावर एका बाजूला वाकून बसलेले. आदल्या दिवशी बॅग उचलताना कंबरेत उसण भरली होती.

"काय सांगू ताई, कंबर काही उठूच देऊन नाही राहिली," ते म्हणाले. वसुधाताई चार दिवसांसाठी भाचीकडे कॉर्कला गेलेल्या. सलील ऑफिसात. क्लिनिकनं पुढच्या सोमवारची वेळ दिलेली. सोमवारपर्यंत माणसानं काय असंच वाकून बसायचं?

माझ्याकडे डायक्लोच्या गोळ्या होत्या. दुखण्यावरची साधी गोळी, गुडघ्यासाठी मी साताऱ्याहून तीन पाकिटं आणली होती. मी अगदी नीट विचारलं. दमा आहे का? नाही. पोटात जळजळ? नाही. दुसरं काही औषध चालू?

"बीपीची आहे नं एक. बाकी वसुधा काढून देते ते घेतो मी. जाताना डबी भरून गेली आहे ती."

आता इथे मी थांबायला हवं होतं. डबी आणा, बघू द्या, एवढं म्हणायला हवं होतं. चाळीस वर्षं ज्याला बायकोनं तळहातावर गोळ्या ठेवून पाण्याचा पेला दिलाय, त्या पुरुषाला आपण काय खातो ते माहीत नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यापुढे दुखणं घेऊन बसलं होतं आणि मला सिस्टर असल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, "थांबा, विचारून देते."

हे विचारून देणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या उपकेंद्रात सिस्टरनं स्वतःच्या मनानं औषध द्यायचं नाही, असा नियम. आणि साहेब तर जागेवर नाहीत. मग आम्ही फोन लावायचो. साहेब, अमुक गोळी पाच दिवस देऊ का? ते जेवत असायचे, गाडीत असायचे, म्हणायचे, द्या द्या. झालं. रजिस्टरला लिहायचं, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने. साहेब कधी विचारायचे नाहीत की पेशंट कोण, वय काय. आम्हीही सांगायचो नाही. पण विचारलेलं असायचं. उद्या वरून कुणी तपासायला आलं तर ताठ मानेनं सांगता यायचं, विचारून दिलं. एकतीस वर्षांत एकदाही मी न विचारता गोळी दिलेली नाही.

त्या दुपारी मुक्ता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. एका कानात ते फोनचं बोंडूक, समोर कागदांचा ढीग. मी पाकीट हातात घेऊन उभी राहिले.

"मुक्ता, ही डायक्लो पाच दिवस दोन वेळा चालेल ना?"

तिनं मान वर केली नाही. "जेवणानंतर. पाच दिवसांच्या वर नको," म्हणाली आणि टाइप करत राहिली.

मुरलीधरभाऊंचं नाव मी घेतलं नाही. विसरले नव्हते. घेतलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच घेतलं नाही. तिला वाटलं माझ्या गुडघ्यासाठी विचारतेय. वाटू दिलं मी. दहा गोळ्या कापून कागदात बांधल्या, वर मराठीत लिहिलं, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, आणि नेऊन दिल्या. दोन दिवसांत भाऊ ताठ चालायला लागले. सगळ्यांसमोर म्हणाले, ताईंच्या हाताला गुण आहे. आता काय सांगायचं, मला ते दिवसभर पुरलं.

रविवारी सकाळी ते बाथरूममध्ये पडले. रक्ताची उलटी झाली. दोन दिवस शौचाला काळं होत होतं, ते लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वसुधाताई कॉर्कहून आदल्या रात्री आलेल्या, त्यांना गोळ्यांचं काही ठाऊकच नव्हतं. अँब्युलन्स आली. दारासमोरून स्ट्रेचर जाताना मी खिडकीत उभी होते. काळ्या शौचाचं ऐकायच्या आधीच मला कळलं होतं, हे कशानं झालं ते.

भाऊंच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवलेली होती. डबीत रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या होत्या, रोजच्या. त्यावर माझी डायक्लो पाच दिवस. पोटातून रक्त गेलं. हॉस्पिटलात दोन बाटल्या रक्त चढवलं. माणूस वाचला, हे देवाचे उपकार. पण तिथल्या डॉक्टरनं सलीलला विचारलं, ह्या गोळ्या कुठल्या? सलीलनं कागद दाखवला आणि म्हणाला, आमच्या शेजारी नर्स आहेत, क्लिनिकमध्ये असतात, त्यांच्या घरून आल्या. त्या पोराचं तरी काय चुकलं? सलीलच्या घरचे ज्या क्लिनिकमध्ये जातात, तिथे हॉस्पिटलनं सोमवारी सकाळी फोन केला. क्लिनिक तेच, मुक्ताचं.

मुक्ता बारा वाजता घरी आली. कोट न काढता खुर्चीत बसली.

"आई, मुरलीधरकाकांना गोळ्या कुणी दिल्या?"

"मी दिल्या."

"किती?"

"दहा. पाच दिवस, दोन वेळा, जेवणानंतर."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं आता ती फुटेल. मी तयार होते, चांगलं ऐकून घ्यायला. पण तिनं विचारलं, "ते आणखी काय घेतात, ते विचारलं होतंस?" मी म्हटलं, विचारलं, बीपीची म्हणाले. "डबी बघितलीस?" मी नाही म्हटलं. ती उठली, कोट काढून टांगला आणि रडली नाही, ओरडली नाही. मला म्हणाली, "तू जेवलीस का?" त्यापेक्षा तिनं मला घराबाहेर काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी तिनं डॉक्टर मरेडना लिहून दिलं. कुशलरावांनी संध्याकाळी मला त्यातलं मराठीत सांगितलं. "मुक्तानं लिहिलंय, आई, की गोळ्या तुम्ही भारतातून आणलेल्या, तुम्ही दिल्यात, आणि त्याबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं." मी मान हलवली. खरंच होतं ते. मुरलीधरभाऊंचं तिला काही माहीत नव्हतं. त्या वाक्यात मला काही खटकलं नाही. तिलाही नाही खटकलं, कारण मंगळवारची ती दुपार तिच्या डोक्यातून केव्हाच पुसून गेली होती. आईनं गुडघ्याच्या गोळीचं विचारलं, तिनं सांगितलं, संपलं. कोण लक्षात ठेवतं असलं?

बुधवारी डॉक्टर मरेडनी तिला सांगितलं, तुझ्यावर माझा विश्वास आहे, चार वर्षं बघतेय मी तुला. पण सही करण्याआधी तुझ्या आईच्या तोंडून एकदा ऐकायचंय. त्यांनी फोनवरचा दुभाष्या शोधला. मराठीचा पुढच्या आठवड्यात मिळणार होता, आणि फॉर्म शुक्रवारी पोचायचा. मुक्ता म्हणाली, मी भाषांतर करणं बरोबर नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, ही चौकशी नाही गं, मला फक्त ऐकायचंय. मुक्ता तरी कचरत होती. मीच हट्ट धरला. म्हटलं, चूक माझी आहे, मी येऊन सांगते, तुझ्या नावाला मी डाग लागू देणार नाही. कुशलरावही म्हणाले, जाऊ दे, आई सांगतील, मामला मिटेल.

गुरुवारी सकाळी मी चांगली साडी नेसले. वरून स्वेटर, वरून कोट. रात्रभर मनाशी बोलून सगळं पाठ केलं होतं.

डॉक्टर मरेड पन्नाशीच्या असतील. पिकलेले केस, पायात जाडजूड बूट, बोलणं मऊ. उठून माझ्याशी हात मिळवला, चहा विचारला. टेबलावर तो फॉर्म होता. वर मुक्ताचं नाव मला वाचता आलं. खाली मोकळी ओळ, आणि कागदावर पेन आडवं ठेवलेलं. मी बसले, मुक्ता माझ्या बाजूला बसली, आणि मी सांगायला लागले.

सगळं सांगितलं. गोळ्या माझ्या. भारतातून मी आणल्या. मुक्ता सगळ्यांना नाही म्हणत असताना मी तिच्या पाठीमागे दिल्या. दिल्या तेव्हा ती माझ्याबरोबर नव्हती. डबी बघायची ती मी बघितली नाही, ही चूक माझी, माझ्या पोरीची नाही. मी थांबले की मुक्ता इंग्रजीत सांगायची, एका सुरात, खाली बघून. माझ्याबद्दल बोलताना 'शी', म्हणजे 'ती', म्हणत होती. डॉक्टरबाई माझ्याकडेच बघत ऐकत होत्या, मान हलवत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पेन उचललं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं, सुटली पोरगी.

मग पेन हातात धरूनच त्यांनी आणखी एक विचारलं. मुक्तानं मला सांगितलं, "आई, त्या विचारतायत, किती दिवस, किती वेळा द्यायच्या, हे तू एकटीनंच ठरवलंस का?"

काय झालं मला, देव जाणे. बाईंनी साधंच विचारलं होतं. पण माझं डोकं सणकलं. एकटीनंच म्हणजे काय? मी काय अडाणी आहे? रस्त्यावर बसून पुड्या विकणारी आहे? एकतीस वर्षांत मोठमोठ्या साहेबांनी रजिस्टर तपासलं, एकाला बोट दाखवायला जागा मिळाली नाही.

"एकटीनं कशाला ठरवेन?" मी थेट डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघून बोलले. "माझ्या मनानं मी जन्मात कधी गोळी दिलेली नाही. विचारून दिलं. आधी मुक्ताला विचारलं. ती म्हणाली, जेवणानंतर, पाच दिवसांच्या वर नको. तेवढंच दिलं, एक गोळी जास्त दिली नाही."

बोलून झालं आणि मी ताठ बसले. डॉक्टरबाई मुक्ताकडे बघत थांबल्या. मी वळून बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला ती दुपार आत्ता आठवली. लॅपटॉप, पाकीट, सगळं. आणि तिच्यापाठोपाठ मला कळलं, मी काय बोलले ते. सोमवारी तिनं लिहून दिलेलं, काहीही माहीत नव्हतं.

"मुक्ता?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला इंग्रजी येत नाही असं नाही. औषधांची नावं, ताप, कधीपासून, किती वेळा, एवढं येतं. आणि एवढंही कळत होतं की त्या खोलीत मराठी जाणणाऱ्या फक्त आम्ही दोघी. मी काय बोलले ते तिनं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. तिनं नुसतं, हो, आईनंच ठरवलं, एवढं म्हटलं असतं तर पेन कागदावर टेकलं असतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको बोलूस. डोळ्यांनी हात जोडले तिला.

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शी आस्क्ड मी, हे मला कळलं. आफ्टर फूड कळलं. फाइव्ह डेज कळलं. मग आणखी काहीतरी बोलली, ते मी बोललेच नव्हते. ते काय होतं, हे मी नंतर विचारून घेतलं. ती म्हणाली होती, "रोज मी वीस जणांना विचारते, औषध कुणासाठी आहे. आईला नाही विचारलं."

मी उठलेच खुर्चीतून. "नो. नो," म्हणाले. "शी नॉट नो. माय नी. शी थिंक माय नी." साडीवरून गुडघा धरून दाखवला त्यांना. हेडमास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखी मी तिथे गुडघा धरून उभी, आणि पुढचं एकही इंग्रजी वाक्य मला येईना. डॉक्टरबाई टेबलाला वळसा घालून आल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले. "आय नो," म्हणाल्या, "आय नो." त्यांचेही डोळे भरले होते. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, हे मला शपथेवर सांगता येईल. आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या मुक्ताशी बराच वेळ बोलल्या. मुक्ता फक्त मान हलवत होती, मधूनमधून मला मराठीत सांगत होती. सोमवारचं तिचं लिहिलेलं एक आणि आज तिनंच सांगितलेलं दुसरं, दोन्ही आता एकत्र वर पाठवावं लागेल. युनिव्हर्सिटीत, आणि नर्सांची नोंदणी ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे. तिथे किती महिने लागतील ते कुणी सांगू शकत नाही. तोवर मुक्तानं पेशंट तपासायचे नाहीत. ड्रेसिंग करायचं, रक्त काढायचं. प्रबंध तिनं खुशाल द्यावा, पदवी मिळेलही. पण ही सही मी आज करू शकत नाही, असं म्हणून बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म फाईलमध्ये ठेवला. मला वाटलं होतं त्या रागावतील, मग मी पाया पडेन. रागावल्याच नाहीत, तर पाया कशाच्या पडणार? दारापर्यंत सोडायला आल्या. माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, बाहेर वारा आहे म्हणून.

गाडीत बसलो. मुक्तानं किल्ली लावली आणि गाडी चालू केली नाही. समोर क्लिनिकची भिंत, भिंतीवर लशीचा फलक. एक बाई मुलाला घेऊन आत गेली, मुलगा खोकत होता. मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली, दार लागेपर्यंत.

"ओरड की माझ्यावर," मी म्हटलं. "एवढी चार वर्षं मी तुझी मातीत घातली. बोल काहीतरी."

"ओरडून काय होणारे, आई?"

"मग ते वाक्य गाळायचं होतंस. कुणाला कळणार होतं तिथे?"

तिनं सीटबेल्ट लावला. मला सहन होईना. मी दाराच्या कडीला हात घातला.

"मी परत आत जाते. सांगते त्यांना, की घाबरून बोलले. खोटं बोलले. तुला मी काही विचारलंच नव्हतं."

मुक्तानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. माझ्याकडे वळून बघितलं, अगदी मायेनं बघितलं.

"जा," म्हणाली. "पण तेही इंग्रजीत मलाच सांगावं लागेल, आई."